परिचारिका दिनाला मदर मेरियन कोप यांच्यावर बोलायचंय. ‘एकाही सिस्टरला कुष्ठरोग झाला नाही’ हा चमत्कार म्हणून सांगू का?

सायली_जीएनएम

नमस्कार. मी नाशिकला जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. १२ मेला कॉलेजात परिचारिका दिनाचा कार्यक्रम आहे आणि प्रत्येकीनं एकेका नर्सवर बोलायचंय. नाइटिंगेलबाई चौघींनी आधीच पळवल्या, मदर तेरेसा दोघींनी. मला मॅडम म्हणाल्या, वेगळं काहीतरी शोध. शोधता शोधता मदर मेरियन कोप सापडल्या आणि दोन दिवस मी त्यांच्यातच अडकले आहे.

जेवढं हाती लागलं ते असं. जन्म २३ जानेवारी १८३८, जर्मनीतलं हेपेनहाइम गाव, नाव बार्बरा कोब. त्या तान्ह्या असतानाच घरचे अमेरिकेत गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला. तिथं आडनावाचं ‘कोप’ झालं. वडील आजारी पडले म्हणून आठवीनंतर शाळा सोडून कापडगिरणीत कामाला. १८६२ मध्ये, म्हणजे २४ व्या वर्षी, सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या संघात दाखल. पुढे संघाच्या प्रमुख झाल्या. १८८३ मध्ये हवाईच्या राजाच्या वतीनं निरोप आला की आमच्या कुष्ठरोग्यांसाठी सिस्टर हव्या आहेत. त्याआधी पन्नासेक संघांनी नकार दिला होता. या सहा जणींना घेऊन निघाल्या आणि ८ नोव्हेंबर १८८३ ला होनोलुलूच्या बंदरात उतरल्या. सगळी घडी बसवून परत यायचा बेत होता. परत आल्याच नाहीत. १८८८ मध्ये मोलोकाई बेटावर कालाउपापाला गेल्या, तिथंच ९ ऑगस्ट १९१८ ला वारल्या. २०१२ मध्ये संतपद.

अडचण अशी: त्या सिस्टरांना सारखे हात धुवायला लावायच्या आणि इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही सिस्टरला रोग झाला नाही म्हणे. मॅडम म्हणतात, ‘हाच शेवट कर, चमत्कार म्हणून सांग, टाळ्या पडतील.’ माझी रूममेट म्हणते, नर्सिंगची मुलगी स्टेजवर उभी राहून चमत्कार सांगते, शोभतं का? आणि खरं सांगायचं तर मला कुष्ठरोगातलं काहीच कळत नाही. पोस्टिंगमध्ये एकच पेशंट पाहिला, तोही वॉर्डच्या दारातून. कुणी या कामात होतं का?

गजा_घाटावरचा

हात धुवा, सुरक्षित राहा. कोविडमध्ये दोन वर्षं तेच ऐकलं. झालं तुझं भाषण, बस खाली. 😄

मोनिका_वसई

सायली, चमत्काराबद्दल एक गोष्ट तुझ्या मॅडमना नक्की सांग. आमच्या चर्चनंसुद्धा ही गोष्ट चमत्कार म्हणून धरलेली नाही. संतपदाच्या प्रक्रियेत मृत्यूनंतर त्या व्यक्तीच्या मध्यस्थीनं घडलेलं काहीतरी लागतं, त्यावर डॉक्टरांच्या साक्षी होतात, मग निर्णय. मदर मेरियनच्या बाबतीत मानलेले दोन्ही चमत्कार म्हणजे न्यूयॉर्क राज्यातले दोन पेशंट बरे झाल्याचे आहेत. पहिला १९९३ चा, चौदा वर्षांच्या मुलीचा, एकेक अवयव बंद पडत चालला होता. त्यावरून २००५ मध्ये ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) आणि दुसऱ्यावरून २१ ऑक्टोबर २०१२ ला पोप बेनेडिक्ट यांनी ‘संत’ म्हणून घोषित केलं. सिस्टरांना लागण न होणं त्या यादीत नाहीच. म्हणजे तू चमत्कार म्हटलंस तर पोपच्याही एक पाऊल पुढे गेलीस!

त्यांचा सण २३ जानेवारीला असतो. संतांचा सण शक्यतो मृत्यूच्या तारखेला असतो, यांचा जन्मदिवशी.

अजून एक. तू सगळीकडे ‘सिस्टर’ लिहिलंयस, आमच्याकडे वसईत मराठीत ‘धर्मभगिनी’ म्हणतात. पण ते छापील. घरात सिस्टरच. माझी मावशी धर्मभगिनी आणि नर्सही आहे. तिला वॉर्डात ‘सिस्टर’ हाक आली की ती गमतीनं विचारते, ‘कुठल्या खात्यातली हवी, चर्चच्या की इंजेक्शनच्या?’ युरोपात आजारी माणसांची सेवा शेकडो वर्षं मठातल्या बायकांकडे होती, तिथूनच नर्सला सिस्टर म्हणायची पद्धत पडली. तू उद्या पांढरा कोट घालून वॉर्डात जाशील तेव्हा कुठल्याही धर्माचा पेशंट तुला त्याच शब्दानं हाक मारणार आहे. भाषणाची सुरुवात इथून करता येईल बघ.

वर्ध्याची_सिस्टर

सायली पोरी, मी सहसा इथं लिहीत नाही, वाचते. पण ‘दारातून पाहिला’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

मी ३३ वर्षं नोकरी केली. पहिली नऊ कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. ती बदली मी मागितली नव्हती. मेट्रनशी तोंड वाजलं, म्हणून मिळाली होती. दवाखान्याचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी जे पाहिलं ते सांगते. वॉर्डच्या उंबऱ्याच्या आत दोन हातांवर फरशीवर चुन्याची रेघ ओढलेली होती. जेवणाची ताटं रेघेपर्यंत पायानं सरकवायची. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि खिडकीतून विचारायचे, ‘काय म्हणता, बरं आहे ना?’ ड्रेसिंग पेशंट एकमेकांचं करायचे. त्यासाठी एक जर्मनचं पातेलं, एक चिमटा. पातेल्यात सकाळी जंतुनाशक टाकून लाल पाणी केलं की तेच पाणी आणि तोच चिमटा सात जणांच्या पायांना. सातव्याची जखम धुवायची वेळ येईपर्यंत ते पाणी काय झालेलं असायचं ते तुला कळेल.

हे पातेलं लक्षात ठेव, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी लागणीचं. कुष्ठरोगाचा जंतू महाआळशी. विरजणातले जंतू एका रात्रीत भांडंभर दूध जमवतात, याला एकाचे दोन व्हायला दोन आठवडे लागतात. अंगात शिरल्यावर लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीससुद्धा. आणि शंभरातल्या पंचाण्णव माणसांचं शरीर त्याला मुळात रुजूच देत नाही. पसरतो मुख्यतः नाकातोंडावाटे, बिनउपचाराच्या पेशंटजवळ दीर्घकाळ राहिल्यावर. हात लावल्यानं नाही. मी नऊ वर्षं उघड्या हातांनी पाय धुतले, हातमोजे तेव्हा कुठले मिळायला! मला काही झालं नाही. माझ्याबरोबरच्या दोन आयांनाही नाही. आम्ही तिघी काही संत नव्हतो, एक तर तंबाखूशिवाय ड्युटीला उभी राहायची नाही.

मेरियनबाईंच्याच बेटावरचे धर्मगुरू फादर दामियन यांना मात्र झाला. ते १८७३ पासून तिथं होते, पेशंटांच्या एकाच भांड्यातलं खायचे, चिलीम एकमेकांत फिरायची. १८८९ च्या एप्रिलमध्ये ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना बघणाऱ्यांत मेरियनबाई होत्या. त्यांना झाला आणि यांना नाही, यात चिलमीचा वाटा किती आणि ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा किती, हे आज कुणी छातीठोक सांगू नये. म्हणून चमत्कार म्हणू नकोस आणि ‘हात धुतल्यामुळे वाचल्या’ असंही म्हणू नकोस. गजाभाऊ, तुमचं उत्तर सोपं आहे, पण रोग चुकीचा पकडलात.

मग मेरियनबाई हात धुण्यावर इतक्या का अडून बसायच्या? त्या काळात बडे बडे सर्जन एका पेशंटवरून दुसऱ्याकडे तसेच जायचे आणि ही बाई सिस्टरांना सांगते, दोन पेशंटांच्या मध्ये हात धुवा. नीट बघ, ‘दोन पेशंटांच्या मध्ये’. स्वतःला वाचवायला धुवायचे तर ड्युटी संपल्यावर एकदा धुतले तरी चाललं असतं. मध्ये धुवायचे ते पुढच्या पोरीच्या पायासाठी.

लोकांना वाटतं कुष्ठरोगात बोटं झडतात. झडत नाहीत गं. जंतू नसा खातो, हातपाय बधिर होतात. काटा रुततो, कळत नाही. चुलीवरून तवा उतरवताना भाजतं, कळत नाही. जखमेवरच माणूस चालत राहतो, जखम पिकते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखूड होत होत संपतं. म्हणजे बोट नेतो तो पू. आणि पू एकाकडून दुसऱ्याकडे नेत होतं आमचं ते पातेलं. तेव्हा औषध काहीच नव्हतं हे विसरू नकोस. जंतू हॅन्सननं नॉर्वेत १८७३ मध्ये दाखवला, पण गुण देणारी सल्फोनची औषधं कालाउपापाला १९४६ मध्ये पोचली. मेरियनबाईंना जाऊन तेव्हा २८ वर्षं झाली होती. त्यांच्या हातात पाणी, साबण, पट्ट्या आणि दिवसाचे तास, एवढंच होतं. एवढ्यावर एखाद्या मुलीची चार बोटं दहा वर्षं जास्त टिकवता येतात. मी टिकवलेली आहेत म्हणून सांगते.

आता त्यांचं खरं काम कुठं दिसतं ते बघ. हवाईच्या आधीचं. सिरॅक्यूजला १८६९ मध्ये त्यांच्या संघानं जो दवाखाना काढला तो एका जुन्या गुत्त्याच्या आणि नाचघराच्या इमारतीत. पुढे सहासात वर्षं त्यांनीच तो चालवला. दारात जातधर्म, रंग काही विचारायचा नाही. दारुड्यांनाही भरती करतात म्हणून गावानं नावं ठेवली. मेडिकल कॉलेजची मुलं शिकायला येऊ द्यायची त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली: पेशंट ‘नाही’ म्हणाला तर विद्यार्थी बाजूला होतील. १८७० च्या आसपास! माझ्या नोकरीत मी पंचवीस पोरांना एका बाईच्या खाटेभोवती उभं केलेलं पाहिलंय आणि त्या बाईला विचारायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

होनोलुलूला काकाआको म्हणून दवाखाना होता. कुष्ठरोगी तिथं आणायचे आणि मग मोलोकाईला पाठवायचे. शंभरांसाठी बांधलेल्या जागेत दोनशेच्या वर माणसं कोंबलेली. सरकारनं नेमलेला व्यवस्थापक पेशंटांना छळायचा. सिस्टर हातात झाडू घेऊन घासायला लागल्या ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून पुढची आवडते. मेरियनबाईंनी सरकारला कळवलं: हा माणूस जाईल, नाहीतर आम्ही सिरॅक्यूजला परत जाऊ. तो गेला. कारभार यांच्या हाती आला.

मी त्या चुन्याच्या रेघेबद्दल वरच्यांकडे तक्रार करायला तीन वर्षं लावली. शेवटी केलीच नाही, एका रविवारी साहेब नसताना ओल्या पोत्यानं पुसून टाकली. ‘हा जाईल नाहीतर मी’ म्हणण्याची माझी टाप नव्हती. तू सेवा, त्याग यावर दोन वाक्यं कमी बोल आणि यावर बोल. सोशिक नर्स सगळ्यांना आवडते. अडणारी आवडत नाही.

आणि कपडे. कालाउपापाला बिशप होम म्हणून मुलींचं आणि बायकांचं घर त्यांनी चालवलं. तिथं त्या होनोलुलूहून कापड मागवायच्या, मुली शिवायच्या, रिबिनी लावायच्या. झाडं लावली, बागा केल्या. ओसाड खडकाळ टोक, तीन बाजूंनी समुद्र, पाठीमागे सहाशे मीटरची कड्याची भिंत, पळून जायला वाट नाही आणि ही बाई रिबिनी मागवते. यावर हसणारे तेव्हाही असतील.

माझ्या वॉर्डात एक म्हातारी होती. नवऱ्यानं टाकून वीस वर्षं झालेली, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. पोळ्याच्या आधी मला म्हणाली, ‘सिस्टर, हात भुंडे बरे नाही दिसत.’ कासाराला निरोप धाडला, तो काही वॉर्डात यायला तयार होईना. मग मीच बाजारातून दोन डझन हिरव्या बांगड्या आणल्या. वाकून आखडलेल्या बोटांवरून बांगडी चढवणं सोपं नसतं. कोमट पाणी, साबण, एकेक बोट धरून सरळ करायचं. पाच फुटल्या. पण त्या हातांना भाजल्याच्या खुणा त्यानंतर कमी झाल्या. का, सांगू? म्हातारी हाताकडे बघायला लागली होती. बधिर हाताचा सगळा दवा तोच आहे, रोज बघणं. तेव्हापासून रिबिनींना मी औषधातच धरते.

तर्कट_नागपूर

सिस्टर, तुमचा अनुभव मोठा आहे, मान आहे. पण कथेची दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

कालाउपापा म्हणजे दवाखाना नव्हता. ते काळं पाणी होतं. हवाईत १८६५ मध्ये राजा पाचव्या कामेहामेहाच्या सहीनं कायदा झाला, १८६६ पासून माणसं उचलून त्या टोकावर टाकायला सुरुवात झाली. कायदा उठला १९६९ मध्ये. एकशेतीन वर्षांत साधारण आठ हजार माणसं, त्यात बहुसंख्य मूळ हवाईयन. गुन्हा काय, तर चट्टा. तिथल्या लोकांनी या रोगाला जे नाव दिलं त्याचा अर्थच ‘घरादारापासून तोडणारा रोग’ असा होतो. काउआई बेटावरच्या कोओलाऊ नावाच्या कुष्ठरोग्यानं बायकोला सोडून जायला नकार दिला, १८९३ मध्ये बायको-मुलासह कालालाऊच्या दरीत लपला. त्याच्यावर सैनिक तोफ घेऊन गेले. पकडला नाही तो नाहीच, दरीतच मेला. हिरो मला तो वाटतो.

शिवाय राजकारण बघा. १८८७ मध्ये संगिनींच्या धाकावर राजाचे अधिकार काढून घेतले, नव्या सरकारनं हद्दपारी पुन्हा कडक केली, होनोलुलूचा दवाखाना बंद करायचं ठरवलं. म्हणून तर बाई १८८८ मध्ये कालाउपापाला गेल्या. मग प्रश्न असा की तुरुंग चालवायला प्रेमळ मेट्रन मिळाली, तर तुरुंगाचं आयुष्य वाढतं की कमी होतं?

मोनिका_वसई

तर्कटसाहेब, तिथं गेलेल्या बायकांना कुणी आधी विचारलं असतं, की प्रेमळ मेट्रन हवी की कुणीच नको, तर काय म्हणाल्या असत्या? तुम्ही आम्ही दीडशे वर्षांनी खुर्चीत बसून बोलतोय. आणि होनोलुलूत असताना, १८८५ मध्ये, त्यांनी कापिओलानी होम उघडलं ते कुष्ठरोग्यांच्या निरोगी मुलींसाठी. आईबाप रोगी म्हणून त्या पोरींना कुणी दारात उभं करत नव्हतं. ते तुरुंगात बसतं का तुमच्या?

तर्कट_नागपूर

बसत नाही. तेवढं मान्य. बाकी प्रश्न उभाच.

वर्ध्याची_सिस्टर

तर्कटभाऊ, तुमचा प्रश्न उभाच राहू द्या, मला तो खाली बसवता येत नाही. उलट आपल्या घरचं थोडं सांगते.

दामियन गेले त्याची बातमी जगभर झाली. लंडनमध्ये त्यांच्या नावानं निधी उभा राहिला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये एक आयोग इथं हिंदुस्थानात आला. आयोग फिरला, मोजलं, आणि म्हणाला, हा रोग सहज पसरत नाही, सक्तीनं कोंडायची गरज नाही. तरी १८९८ चा कायदा झालाच. त्यात भीक मागणाऱ्या गरीब कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात टाकायची सोय होती. श्रीमंताच्या चट्ट्याला कायदा हात लावत नव्हता. तो कायदा कागदावरून गेला २०१६ मध्ये. आणि नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग असेल तर घटस्फोट मागता येतो हे कलम २०१९ पर्यंत होतं. तुमच्या कोओलाऊची बायको दरीत त्याच्याबरोबर गेली. आमच्या वॉर्डातल्या बायकांना कोर्टाचा कागद यायचा.

मुंबईचा वडाळ्याचा दवाखानाही त्याच काळातला, १८९० चा. तो उभारणारे पालिका आयुक्त ॲकवर्थ, तेच ज्यांनी शाळिग्रामांबरोबर आपले पोवाडे गोळा करून छापले. एक माणूस गावोगावच्या गोंधळ्यांकडून पोवाडे जमवतो आणि रस्त्यावरचे महारोगी गोळा करून कुंपणाआड नेतो. त्याला चांगला म्हणायचं की वाईट? विषय सोडून गेले, जाऊ द्या.

मी दुसऱ्यांकडे कशाला बोट दाखवू? वॉर्डनंतर मला सर्वेक्षणात घातलं. घरोघर जायचं, उजेडात पाठ-पोट बघायचं, फिकट न खाजणारा चट्टा दिसला की कापसाचं टोक टेकवून विचारायचं. एका गावात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या दंडावर मिळाला. एकच. मी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, ते बरोबरच होतं. सहा महिने गोळ्या घेतल्या की संपणारी गोष्ट. पण पुढच्या आठवड्यात औषध द्यायला आमची जीप तिच्या दारात उभी राहिली, जीपवर मोठ्या अक्षरांत ‘कुष्ठरोग’ लिहिलेलं. महिन्यात तिची सोयरीक मोडली. चट्टा गेला, दंडावर आता शोधूनही सापडणार नाही. लग्न झालं की नाही मला माहीत नाही, मी त्या गावाला पुन्हा गेलेच नाही. त्यानंतर मात्र मी कुठल्याही गावात जीप शाळेपाशी सोडायची आणि गोळ्या पिशवीत घालून चालत जायची. पिशवीत वर कोथिंबीर. तेवढंच माझ्या हातात होतं.

मेरियनबाईंनी कायदा बदलला नाही हे खरं. बदला म्हणून कधी त्या बोलल्या का, ते माझ्या वाचनात नाही आलं. मी त्यांना कोओलाऊच्या जागी बसवत नाही. त्यांना मी मोजते ते पातेल्यानं.

सायली_जीएनएम

मी काल रात्री हे सगळं रूममेटला वाचून दाखवलं. ती पांघरूण घेऊन ऐकत होती आणि बांगड्यांपाशी उठून बसली.

मॅडमना सांगितलं की चर्चनंही हा चमत्कार मानलेला नाही. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘बरं, तुला जे सांगायचं ते सांग. पण दहा नाही, पाचच मिनिटं.’ आता माझ्याकडे गुत्त्यातला दवाखाना, व्यवस्थापकाला काढलं ते, रिबिनी, कोओलाऊ, सगळंच आहे. वर अजून एक सापडलंय: लेखक स्टीव्हन्सन मे १८८९ मध्ये कालाउपापाला आठवडाभर राहिले होते, मुलींबरोबर क्रोके खेळले आणि नंतर त्यांच्यासाठी पियानो पाठवला. पियानो छान वाटतो ना ऐकायला? काय ठेवू, काय गाळू? सिस्टर, तुमचं पातेलं वापरलं तर चालेल? नाव नाही घेणार.

मोनिका_वसई

‘सिस्टर’ शब्दानं सुरुवात ठेव हं! बाकी सिस्टर म्हणतील तसं.

वर्ध्याची_सिस्टर

पियानो गाळ. तो पाठवणाऱ्याचा मोठेपणा, तो आठ दिवसांनी बोटीत बसून गेला. कोओलाऊला एक वाक्य दे, नाहीतर तर्कटभाऊ रागावतील. व्यवस्थापक आणि दोन पेशंटांच्या मधलं हात धुणं, यावर तुझी चार मिनिटं जाऊ दे. पातेलं घे की, माझ्या मालकीचं थोडंच आहे, सरकारी सामान. मी आधण ठेवून चिमटे उकळायला लागले त्यानंतरही ते बरीच वर्षं टिकलं.

आणि भाषणाआधी एक काम कर. तो दारातून पाहिलेला पेशंट अजून भरती असेल तर जा. स्टुलावर बस, त्याच्या बरोबरीच्या उंचीवर. म्हण, ‘काका, पाय बघू का?’ आणि ‘नको’ म्हणाले तर परत ये. ‘बघ’ म्हणाले तर आधी त्यांच्या उघड्या डोळ्यांदेखत बॉलपेनचं टोक हलकंच तळव्याला टेकवून दाखव, भोसकायचं नाही. मग त्यांना डोळे मिटायला सांग आणि जिथं टेकवशील तिथं त्यांना बोट ठेवायला सांग. अंगठ्याचा गादीचा भाग, टाच, बाहेरची कड. जिथं बोट येणार नाही तिथं वहीत फुली मार. मग त्यांना फुल्या दाखव. चपलेत खिळा आहे का तेही बघून ये, बहुतेक वेळा असतो.